निवृत्तीनंतर डेहराडूनला घर घ्यायचंय, जाणकारांनी सांगा

रानजाई | २१ जुलै २०२५

नमस्कार मंडळी,

येत्या मार्चमध्ये मी बँकेतून निवृत्त होतेय. आमचे हे दोन वर्षांपूर्वीच झाले आणि तेव्हापासून माझ्या डोक्यावर बसलेत. लेक आणि जावई दोघंही डेहराडूनला एका संशोधन संस्थेत आहेत, नात पाच वर्षांची. नाशिकचा फ्लॅट ठेवायचा, आणि तिकडे स्वतःचं लहानसं काहीतरी घ्यायचं असं ठरतंय. लेकीच्या घरात कायमचं राहायचं नाही, यावर आम्हा दोघांचं लग्नानंतर पहिल्यांदा एकमत झालंय.

गेली तीन वर्षं दर मे आणि दर डिसेंबरात आम्ही तिथे जातो. आतापर्यंत तीन जागा मनात भरल्यात.

पहिली, सहस्रधारा रोडला आठव्या मजल्यावरचा फ्लॅट. बाल्कनीतून रात्री मसुरीचे दिवे दिसतात, ह्यांचा जीव तिथेच अडकलाय. दुसरी, मालदेवताच्या बाजूला ३०० गजाचा (म्हणजे चौरस यार्डाचा) प्लॉट. मागे डोंगर, खाली नदीचा आवाज, आणि एजंटच्या मते दोन वर्षांत भाव दुप्पट. तिसरी, क्लेमेंट टाउनच्या अलीकडे एक जुनं बैठं घर. दिसायला काही नाही. गल्लीतलं, समोर दुसऱ्याची भिंत, दारात लिचीचं झाड. लेकीला हेच आवडलंय, कारण तिच्यापासून स्कूटरवर दहा मिनिटं.

तिथे राहणाऱ्यांनी किंवा राहून आलेल्यांनी मोकळेपणानं लिहा.

---

पेन्शनर_पक्या | २१ जुलै

मसुरीचे दिवे आठ दिवस छान दिसतात. नवव्या दिवशी माणूस बाल्कनीत चड्ड्या वाळत घालायला लागतो. लिचीवालं घर घ्या, जून महिन्यात आम्ही येऊ.

---

दूनकर | २२ जुलै

रानजाईताई, मी १९९४ ला तेल भवनात, म्हणजे ओएनजीसीच्या कचेरीत, बदलून आलो आणि इथलाच झालो. मूळ गाव सांगली. त्यामुळे जरा लांबण लावतो.

तुमच्या पोस्टमधली सगळ्यात महत्त्वाची ओळ तुम्हीच लिहिलीत, पण तिच्याकडे तुमचं लक्ष गेलेलं नाही: “दर मे आणि दर डिसेंबरात.” घर बघायला येणारा प्रत्येक जण याच दोन महिन्यांत येतो. मे मध्ये नाशिकपेक्षा बरं वाटतं, डिसेंबरात ऊन कोवळं असतं. पण इथे वर्षाला २००० मिमीच्या आसपास पाऊस पडतो. पुण्याच्या जवळपास तिप्पट, आणि त्यातला बहुतेक जूनअखेर ते सप्टेंबर. तो पाऊस तुम्ही एकदाही पाहिलेला नाही.

मालदेवत्याला मे महिन्यात नदीत लोक खुर्च्या टाकून मॅगी खातात. ऑगस्ट २०२२ मध्ये त्याच भागात ढगफुटी झाली आणि सौंग नदीवरचा थानोकडचा पूल खचला. एजंट हे सांगणार नाही. तुम्ही विचारलंत तर म्हणेल, “मैडम, वो तो ऊपर की बात है.”

सहस्रधारा रोडचं वेगळं दुखणं आहे. शनिवार-रविवारी दिल्लीच्या गाड्या. नात शाळेतून आणायची असेल तर शनिवारचा हिशेब वेगळा ठेवा. एक्स्प्रेसवेच्या नावानं इथे जमिनीच्या किमती चढल्या, त्याबरोबर गाड्याही चढल्या.

आत्ता जुलै चालू आहे. तिकीट काढा आणि या. छत्री आणू नका, ती इथल्या पावसात उलटी होते. रेनकोट आणा.

---

रानजाई | २२ जुलै

दूनकर, अगदी मर्मावर बोट ठेवलंत. पण ऑडिट चालू आहे, सप्टेंबरच्या आधी रजा मिळणं अवघड. कागदपत्रांचं कुणी सांगेल का? प्लॉटच्या एजंटनं खतौनीची झेरॉक्स दिलीय आणि “बयाना” म्हणून दोन लाख मागतोय.

---

सडेतोड | २३ जुलै

बयाना म्हणजे आपला इसार. देऊ नका. आणि मुळात बाहेरच्या माणसाला तिथे २५० चौरस मीटरच्या वर जमीन घेता येत नाही, हा कुठला न्याय? एकाच देशात राहतो ना आपण? म्हणूनच तो ३०० गज म्हणतोय, २५० चौरस मीटर म्हणजे २९९ गज. सगळे दलाल नेमका तेवढाच तुकडा कापून विकतात.

---

गढवालची_सून | २३ जुलै

सडेतोड, माहेर सातारा, सासर पौडी, म्हणून दोन्हीकडून बोलते. आपल्याकडे शेतकरी नसलेल्या माणसाला शेतजमीन घेता येते का? कूळ कायद्याचं कलम ६३ आठवा. मग उत्तराखंडनं केलं की लगेच देश कसा आठवतो?

इथे आधी २००३ मध्ये ५०० चौरस मीटरची मर्यादा आली, २००८ ला ती २५० झाली. २०१८ मध्ये उद्योगांच्या नावाखाली बरीच सैल केली, त्यावर आंदोलनं झाली. यंदा २०२५ मध्ये कायदा पुन्हा आवळला. हरिद्वार आणि उधमसिंह नगर हे दोन जिल्हे सोडले तर उरलेल्या अकरा जिल्ह्यांत बाहेरच्यांना शेती आणि फळबागेची जमीन बंद. डेहराडून त्या अकरांत येतं. राहत्या घरासाठी महापालिका हद्दीबाहेर २५० चौरस मीटर, तेही कुटुंबाला एकदाच, आणि रजिस्ट्रीच्या वेळी तसं शपथपत्र द्यायचं. पूर्वी लोक नवऱ्याच्या नावानं एक, बायकोच्या नावानं दुसरा असे तुकडे जोडून अर्धा डोंगर घ्यायचे. माझ्या सासऱ्यांच्या गावात वरच्या वळणापर्यंत तारेचं कुंपण आहे, आणि आमची गुरं आता दोन किलोमीटर वळसा घालून पाण्याला जातात. राग येतो तो त्याचा, तुमच्यासारख्या आजी-आजोबांचा नाही.

रानजाईताई, महापालिकेच्या हद्दीतल्या घराला ही २५० ची अट आड येत नाही. तुमच्या तिन्ही जागा हद्दीच्या आत की बाहेर, हे सगळ्यात आधी बघा. २०१८ मध्ये आजूबाजूची पुष्कळ गावं शहरात घेतली, त्यामुळे पाटी ग्रामपंचायतीची आणि हद्द महापालिकेची असंही असतं.

---

सडेतोड | २३ जुलै

कलम ६३ चा मुद्दा मान्य. कुंपणाचं माहीत नव्हतं.

---

कोर्टकचेरी | २४ जुलै

मी पुण्यात वकिली करतो. २०२१ मध्ये एका अशिलासाठी डेहराडूनचे कागद तपासले होते, त्यातून शिकलो ते सांगतो. तिथला स्थानिक वकील घ्याच, माझ्या भरवशावर राहू नका.

खतौनी म्हणजे साधारण आपला सात-बारा, खसरा म्हणजे गट नंबर. दाखिल-खारिज म्हणजे फेरफार. रजिस्ट्री झाली म्हणजे जमीन आपली झाली असं लोक धरून चालतात, पण दाखिल-खारिज झालेलं नसेल तर खतौनीवर जुनाच मालक दिसत राहतो आणि तो ती पुन्हा विकू शकतो. गेल्या बारा वर्षांच्या व्यवहारांचा शोध निघतो, त्याला तिथे “बारह साला” म्हणतात. बँक मागतेच. तुम्ही कर्ज काढत नसलात तरी काढून घ्या. मी तर म्हणेन थोडं कर्ज काढाच, मग बँकेचा वकीलही कागद तपासतो.

तुमच्या झेरॉक्सवर नावं किती आहेत ते मोजा. एकापेक्षा जास्त असतील आणि वाटप झालेलं नसेल तर ते “गोल खाता”. तिथे चार भावांपैकी एक जण आपला हिस्सा विकतो, पण हिस्सा म्हणजे नेमका कुठला तुकडा हे कागदावर कुठेच नसतं. दलाल सोयीचा कोपरा दाखवतो, चुना टाकून आखून देतो. पुढे वाटप झालं की तुमचा हिस्सा नाल्यात निघतो.

दुसरं, चहाच्या बागा. डेहराडूनमध्ये इंग्रजांच्या काळापासून चहाचे मळे होते, आज त्यावर वस्त्या दिसतात. कमाल जमीन धारणेतून सूट मिळालेल्या त्या जमिनींची १० ऑक्टोबर १९७५ नंतरची विक्री कायद्यानं टिकत नाही, जमीन सरकारजमा होऊ शकते. त्यामुळे मागची नोंद त्या तारखेच्या पलीकडे जाऊन बघायची.

तिसरं ऐकून अंगावर काटा येईल. २०२३ मध्ये तिथे असं उघडकीला आलं की रजिस्ट्रार कचेरीच्या दप्तरखान्यातले जुने दस्तच बदललेत. ओरिजिनल जिल्दीत बनावट पानं. एसआयटी नेमली, अटका झाल्या. म्हणजे “मी रेकॉर्ड रूममध्ये जाऊन बघितलं” एवढ्यावरही भागत नाही. दस्त, खतौनी आणि प्रत्यक्ष ताबा हे तिन्ही एकमेकांशी जुळायला हवेत. शेजारच्या घरी चहा प्यायला जा आणि विचारा, ही जागा कुणाची म्हणतात? गावाची स्मरणशक्ती दप्तरखान्यापेक्षा पक्की असते.

---

रानजाई | २४ जुलै

नावं मोजली. सात आहेत. विकणारा एकच.

---

पेन्शनर_पक्या | २४ जुलै

सात भावांची जमीन आणि दोन लाख इसार. ताई, त्या एजंटला तुमच्या बँकेत पाठवा, तुम्ही त्याला काही काळ “सर्व्हर डाऊन आहे” म्हणून बसवून ठेवा.

---

भूस्तर | २७ जुलै

उशिरा आलो. नागपूरचा, भूशास्त्रवाला. पीएचडीच्या फील्डवर्कसाठी दूनमध्ये तीन हंगाम काढलेत, त्यामुळे थोडं जमिनीखालचं सांगतो.

दून खोरं म्हणजे उत्तरेला मसुरीची रांग, दक्षिणेला शिवालिक, मधला खोलगट भाग. मसुरीवरून उतरणाऱ्या ओढ्यांनी लाखो वर्षं दगडगोटे आणून टाकले, त्या ढिगावर शहर वसलंय. सुपातून तांदूळ एका जागी ओतत राहिलं की जसा पंखा पसरतो, तसा. हे समजून घ्यायचं कारण एवढंच की पंख्यावरचा ओढा एका जागी राहत नाही. आज इथून, शंभर वर्षांनी तिथून. मधल्या काळात कोरड्या पात्रावर कुणीतरी “ग्रीन व्हॅली” नावाची कॉलनी टाकतो.

पाणलोटाची गंमत अशी, की शहराच्या मधून एक उंचवटा जातो. त्याच्या पूर्वेचं पाणी रिस्पना, सौंग करत गंगेला, पश्चिमेचं टोन्स, आसन करत यमुनेला. एकाच गावातल्या दोन घरांच्या पागोळ्या दोन वेगळ्या नद्यांना मिळतात.

तिथे पावसाळी ओढ्याला “खाला” किंवा “रौ” म्हणतात. आठ महिने तो कोरडा, गुळगुळीत गोट्यांचा रस्ता असतो, पोरं क्रिकेट खेळतात. जागेचं नाव नीट ऐका. धारा, खाला, पुल, पानी असं काही त्यात असेल तर उगाच नसतं. सहस्रधारा काय, नालापानी काय. १८१४ मध्ये इंग्रजांनी नालापानीच्या खलंगा किल्ल्याला वेढा घातला तेव्हा गुरख्यांचं पाणी तोडलं म्हणून किल्ला पडला, इतकं ते नाव खरं आहे. (हे अवांतर. पण खलंग्याला जाऊन या, चढ सोपा आहे.)

करायचं काय, तर गुगल अर्थवर त्या जागेची जुनी चित्रं काढा, वर्ष मागे मागे न्या. पांढरा गोट्यांचा पट्टा कुठून कुठे सरकला ते दिसतं. सर्व्हे ऑफ इंडियाचं मुख्यालय त्याच गावात हाथीबडकल्याला आहे, त्यांचे नकाशेही मिळतात. एजंटच्या लॅमिनेट केलेल्या नकाशावर ओढा निळ्या रंगात नसतो, हिरव्या रंगात “पार्क” म्हणून असतो.

भूकंप: २००२ च्या भूकंप-नकाशात दून झोन ४ मध्ये धरलेलं आहे, पुणे ३ मध्ये (आकडा मोठा तेवढा धोका जास्त). १९०५ च्या कांगडा भूकंपात केंद्र इतकं लांब असूनही डेहराडून-मसुरीत पडझड झाली होती. राजपूरच्या वर, डोंगराच्या पायथ्याशी मोठा भ्रंश जातो. घाबरून जाऊ नका, लाखो लोक राहतात. पण आठव्या मजल्याचा फ्लॅट घेताना बिल्डरकडे स्ट्रक्चरल ड्रॉइंग मागा. तळमजला नुसत्या खांबांवर उभा असेल तर खांबांची जाडी बघा.

---

दूनकर | २७ जुलै

भूस्तर, +१. जुने लोक सांगतात, ८० च्या दशकात चुनखडीच्या खाणींमुळे मसुरीचा डोंगर खालून पांढरा दिसायचा. सुप्रीम कोर्टानं त्या बंद करवल्या. मी आलो तेव्हा ओरखडे बुजत आले होते. आता कोर्टाला खाणी दिसत नाहीत, कारण खणणं कॉलन्यांच्या रूपानं चालतं.

रानजाईताई, रेराचाही विचार करा. ५०० चौरस मीटरच्या वरचा किंवा आठांहून जास्त घरांचा प्रकल्प असेल तर नोंदणी हवीच. नकाशा एमडीडीएनं, म्हणजे मसुरी-देहरादून विकास प्राधिकरणानं पास केलेला हवा. अवैध प्लॉटिंगवर बुलडोझर चालल्याचे फोटो इथल्या पेपरात जवळजवळ दर आठवड्याला असतात.

---

रानजाई | १० ऑगस्ट

प्लॉट सोडला. एजंट रोज सकाळी मसुरीच्या सूर्योदयाचा फोटो पाठवतो, खाली “गुड मॉर्निंग जी, अभी भी अवेलेबल है.” फ्लॅट आणि बैठं घर, अशी रस्सीखेच चालू आहे. ह्यांनी बाल्कनीत ठेवायच्या आरामखुर्च्या ऑनलाइन बघून ठेवल्यात.

---

दूनकर | १७ सप्टेंबर

आम्ही सुखरूप आहोत, विचारणाऱ्या सगळ्यांना धन्यवाद.

परवाची रात्र, १५-१६ सप्टेंबर. अडीचच्या सुमाराला जाग आली ती पावसाच्या आवाजानं नव्हे. पाऊस तर रोजच असतो. दगडांच्या आवाजानं. नदीच्या तळातून मोठे धोंडे गडगडत जातात तेव्हा जमिनीतून घरघर येते, पलंगाच्या पायातून कळते. आमचं घर पात्रापासून चांगलं लांब आणि उंचावर, तरी कळली. सहस्रधाराला ढगफुटी झाली, तिथली दुकानं गेली. टपकेश्वर मंदिराचं आवार टोन्सच्या पाण्याखाली होतं. प्रेमनगरच्या पुढे नंदा की चौकीजवळचा पूल तुटला, त्यामुळे पांवटा साहिबचा रस्ता बंद. मालदेवत्याचा रस्ता जागोजागी वाहून गेलाय. माणसं गेलीत. आकड्यांबद्दल आज लिहावंसं वाटत नाही.

ताई, तुमच्या फ्लॅटची इमारत उभी आहे, काळजी नसावी. पण तिथपर्यंत जाणारा रस्ता काल दिवसभर नव्हता.

---

गढवालची_सून | १८ सप्टेंबर

पुराचा पहिला तडाखा रिस्पना-बिंदाल नद्यांच्या काठच्या वस्त्यांना. त्यांना अतिक्रमण म्हणून नोटिसा, २०१६ नंतरची घरं पाडायची म्हणून २०२४ ला बुलडोझर. पात्रात त्या वस्त्या होत्याच, मी नाही म्हणत नाही. पण वरच्या अंगाला पात्र अरुंद करून जे रिसॉर्ट आणि स्टिल्टवरचे कॅफे झालेत त्यांच्या मालकांना पाणी तुंबवायची परवानगी कुणी दिली? पाणी खालच्याच्या घरात शिरतं. एवढं बोलून थांबते, नाहीतर धागा भरकटेल.

---

रानजाई | ९ ऑक्टोबर

जाऊन आलो. लिहायला वेळ लागला.

आधी फ्लॅट. इमारतीला काही झालेलं नाही, लिफ्ट चालू, मसुरीचे दिवेही होते. पण मी मागच्या बाजूला गेले. तीन वर्षांत एकदाही गेले नव्हते, कारण बिल्डरचा माणूस नेहमी लिफ्टकडेच नेतो. मागे एक दगडी पुश्ता आहे, म्हणजे आपली संरक्षक भिंत. तिच्या खाली खाला. पाणी घोट्याएवढं, स्वच्छ, दोन म्हशी बसलेल्या. पुश्त्यावर माझ्या खांद्याच्या उंचीला वाळक्या गवताची आणि प्लॅस्टिकच्या पिशव्यांची एक सरळ रेघ चिकटलेली. फूटपट्टीनं ओढावी तशी. भिंतीचा कडेचा एक तुकडा मोकळा झालेला, त्याच्या आतली माती दिसत होती, आणि त्या मातीच्या वर पार्किंगचे खांब.

बिल्डरच्या माणसाला विचारलं. तो म्हणाला, “मैडम, ये तो बरसाती है. साल में चार दिन आता है, जी.” अगदी खरं बोलला बिचारा.

ह्यांनी ती रेघ पाहिली, खिशातून रुमाल काढला, चष्मा पुसला, पुन्हा पाहिली. आरामखुर्च्यांचा विषय परत निघालेला नाही.

मग बैठं घर. त्याच्या कागदांत चहाची बाग नाही, नावं दोन (मायलेक, दोघंही सही करायला तयार), दाखिल-खारिज झालेलं, महापालिकेत घरपट्टीही त्यांच्याच नावे. कोर्टकचेरी यांनी सांगितल्याप्रमाणे शेजारी चहाला गेले. शेजारच्या आजी म्हणाल्या, १९८७ पासून हेच लोक आहेत, फक्त आंघोळीचं पाणी आमच्या अंगणात सोडतात. आजींनी पुराच्या रात्री पाणी कुठवर आलं तेही दाखवलं. गल्लीच्या तोंडापर्यंत, आत नाही.

पण भिंतींना ओल आहे. उत्तरेच्या खोलीत हात लावला तर गार आणि चिकट, पोपडे सुटलेले. विकणारी बाई म्हणाली पुट्टी मारली की जाईल. दूनकर, जाईल का?

---

दूनकर | ९ ऑक्टोबर

नाही. पुट्टीनं एक हिवाळा झाकेल. गच्चीचा उतार आणि पाइप आधी बघा, बहुतेक ओल तिथूनच खाली येते. जोत्यातून वर येत असेल तर खर्चाचं काम. एक सुचवू? तो मायलेकांचा व्यवहार लगेच करायची घाई नसेल तर आधी अकरा महिने भाड्यानं राहा. त्याच घरात जमलं तर उत्तमच. एक पूर्ण पावसाळा त्या उत्तरेच्या खोलीत झोपून काढा.

---

सडेतोड | १० ऑक्टोबर

आणि अकरा महिन्यांत भाव वाढले तर?

---

भूस्तर | १० ऑक्टोबर

वाढतील. म्हणून काय त्या पुश्त्यावर राहायचं?

---

कोर्टकचेरी | ११ ऑक्टोबर

भाडेकरारात लिहून घ्या की घर विकायचं झालं तर आधी तुम्हाला विचारायचं, आणि किंमत आत्ताच ठरवून टाका. दोन्ही मायलेकांच्या सह्या. शक्यतो नोंदणी करूनच. आणि पुढे विकत घ्याल तेव्हा तुमच्या नावानं घ्या, ताई. बाईच्या नावावर २५ लाखांपर्यंतच्या रकमेला मुद्रांक शुल्कात पाव हिस्सा सूट आहे तिथे. यजमानांना वाईट वाटणार नसेल तर.

---

रानजाई | २ नोव्हेंबर

करार झाला. १ एप्रिलपासून अकरा महिने, म्हणजे पावसाळा पूर्ण मधे येतो. किंमत आत्ताच ठरवलीय, कोर्टकचेरींच्या सल्ल्यानं. घर माझ्या नावावर घ्यायचं म्हटल्यावर हे म्हणाले, “घे, ओलही तुझ्या नावावर.” घरमालकीणबाईंनी अट घातली की जूनमध्ये अर्ध्या लिच्या त्यांच्या. कबूल केलं. एजंटचे सूर्योदय बंद झाले होते, दिवाळीला पुन्हा सुरू झाले.

आता एकच शंका. तिथे बाथरूमला गिझर नाही. दोघांना १५ लिटरचा पुरेल का?

---

दूनकर | २ नोव्हेंबर

जानेवारीत पहाटे पाच-सहा अंश असतं आणि नळाचं पाणी हाडात जातं. २५ चा घ्या. आणि नाशिकहून रजया आणू नका, इथे पलटन बाजारात भरून मिळतात.

---

पेन्शनर_पक्या | २ नोव्हेंबर

अर्ध्या लिच्या त्यांच्या हे करारात लिहिलंय का? उरलेल्या अर्ध्यांतल्या आमच्या किती?